एका निकालाच्या मागे मॉरिशसपर्यंत

आमच्या कन्नमवार नगरच्या इमारतीतून माझ्याआधी मॉरिशसला एकच जोडपं गेलं होतं, लग्नानंतर फिरायला. त्यामुळे एकोणपन्नासाव्या वर्षी, नवऱ्याला घरी ठेवून मी एकटीच पाच दिवस तिकडे जाऊन आले हे कळल्यापासून जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई डोळे बारीक करून विचारते, "मजा केलीस ना?" समुद्र खरंच तसा निळा आहे. फोटो आहेत, ते मी दाखवते. पण मी गेले होते एका कोर्टाच्या निकालामुळे, आणि तो निकाल माझ्याविरुद्ध होता. जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे.

विक्रोळी, निघण्याआधी

मी झोपाळे विकत असे. घरातून, इंटरनेटवरून. सागवानी फळी कुर्ल्याचा सुतार करून द्यायचा, पितळी कड्या आणि छताला लावायचे हुक साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यातून यायचे. फोटो काढणं, वर्णन लिहिणं, खोकी बांधणं माझ्याकडे. माझा नवरा दिनेश अंधेरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये धातूकामाला आहे. संध्याकाळी येऊन वजनदार खोकी तो खाली उतरवायचा. एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर माझं दुकान होतं. मुलुंड, बोरिवलीपासून मस्कतपर्यंत माझे झोपाळे गेले.

मॉरिशसची ऑर्डर आली तेव्हा मी नाव दोनदा वाचलं. लीलावती विष्णू सखाराम, मुक्काम कास्कावेल. समुद्रापलीकडच्या बेटावरून आपल्यातलंच नाव! खोकं अकराव्या दिवशी पोचलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंचा मेल आला, सोबत फोटो. हुकाच्या मानेवर एक बारीक रेघ दिसते आहे, ही चीर तर नाही ना, असं त्यांनी सभ्य इंग्रजीत विचारलं होतं. दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. हातात चिकटपट्टी आणि कात्री. मी फोनवर अंगठ्याने लिहिलं: काळजी करू नका, ती फक्त ओतकामाची रेघ आहे.

दिनेशला फोटो दाखवला नाही. दाखवायला दोन मिनिटं लागली असती.

तो हुक तुटला तेव्हा बाई झोपाळ्यावर होत्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचे मेल येत राहिले, एकूण चार. पहिल्याला घाबरून उत्तर दिलं नाही. दुसरा आल्यावर साकीनाक्याला फोन केला, तिथला मालक म्हणाला, "ताई, एखादा पीस खराब निघतो, मनावर घेऊ नका." तिसऱ्याच्या वेळी ऑनलाइन बाजारवाल्यांना कळवलं, तक्रारीची मुदत संपल्याने प्रकरण बंद केल्याचा आपोआप निघालेला संदेश आला, आणि मला लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा हायसं वाटलं. चौथा मी उघडलाच नाही. मग वकिलाची नोटीस, मग कुरिअरने कोर्टाचे कागद. ते मी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले. दुकान बंद केलं. घरात सांगितलं, कंटाळा आला.

वर्ष-दीड वर्षाने निकाल आला तो मात्र दिनेशच्या हातात पडला. त्याने सगळा वाचला, मग माझ्याकडून तो जुना फोटो मागून घेतला आणि मोठा करून पाहिला.

"हा ओतीव हा गो, साच्यात ओतलेलो," तो म्हणाला. रागावला की तो मालवणीत जातो. "माणसाचा भार पेलूचो तर हुक घडीव होयो, ठोकून केलेलो. ही रेघ नाय, चीर ती. माका दाखवलंस का नाय?"

मी साड्यांखालचे बाकीचे कागद काढून त्याच्यापुढे ठेवले.

आम्ही घाटकोपरला दामले मॅडमकडे गेलो. वकील म्हणून त्यांचं नाव आहे, आणि बोलायला स्पष्ट. त्यांनी निकाल वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे बघा, काही देशांच्या कोर्टांचे निकाल आपल्याकडे थेट बजावता येतात. सरकारने तशी यादी काढली आहे. मॉरिशस त्या यादीत नाही, मी दोनदा पाहिलं. म्हणजे यांना हा कागद घेऊन मुंबईत येऊन तुमच्यावर नव्याने दावा लावावा लागेल. इथला वकील, इथल्या तारखा. एक रिटायर्ड शिक्षिका आणि एक रिटायर्ड बस ड्रायव्हर हे करतील? मला नाही वाटत. शिवाय तुमचं आडनाव चुकीचं लिहिलंय, परबचं पारब झालंय. गप्प बसा."

"आणि तिकडे गेले तर?" मी विचारलं.

"कशाला जाल? इथे निकाल तुमच्यापर्यंत पोचत नाही. तिकडे तुम्ही स्वतः त्याच्या हद्दीत जाणार. परतीच्या वाटेवर अडवलं तर? अडवतीलच असं म्हणत नाही. पण आगीत हात कशाला घालायचा? आणि हो, ज्यांना ज्यांना ते हुक विकलेत त्यांना काही कळवू नका. ती कबुली होते."

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. खरं तर सुटले होते मी. पण निकालपत्राच्या सातव्या पानावर माझंच वाक्य होतं, अवतरणचिन्हांत, माझ्या व्याकरणाच्या चुकीसकट: काळजी करू नका, ती फक्त ओतकामाची रेघ आहे. त्याच्याखाली बाईंची जबानी होती. त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं होतं की मी चार वेळा लिहिलं, कोणी एक ओळ जरी उत्तर दिलं असतं तर मी इथे आले नसते.

पंधरा दिवस मी ते पान घडी करून पर्समध्ये घेऊन फिरले. मग तिकीट काढलं. दिनेशला सुट्टी नव्हती, आणि दोघांच्या तिकिटाची ऐपतही नव्हती. मी मेल लिहिला की मी येते आहे. उत्तरात एकच ओळ आली, विष्णू सखाराम यांची: घर मारुतीच्या देवळामागे आहे.

विमानतळ ते किनारा

विमानाने सहा तासांत नेलं. वरून बेट दिसतं तेव्हा आधी पांढऱ्या फेसाची एक कड दिसते, किनाऱ्यापासून बरीच आत. ती प्रवाळाची भिंत. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं स्वस्थ राहतं. आमच्या देवगडचा समुद्र पाहिलेल्या माणसाला असा शांत समुद्र जरा खोटाच वाटतो.

पासपोर्टच्या खिडकीत बसलेल्या तरुण अधिकाऱ्याने माझं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. पारब लिहिलंय, परब नाही, हे मी मनात घोकत होते, आणि ज्या चुकीचा फायदा घ्यायचा नाही असं ठरवून आले त्याच चुकीला मी धरून उभी होते.

"हॉलिडे?" त्याने विचारलं.

"एकांना भेटायचंय," मी इंग्रजीत म्हटलं.

"फॅमिली?"

मी कशीतरी मान हलवली. त्याने शिक्का मारला आणि हसून मागच्याला बोलावलं. त्याचा कॉम्प्युटर नुसता हळू चालत होता.

मी किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाक गावात एक स्वस्त खोली घेतली होती. टॅक्सीने तिकडे जाताना मध्ये पठार लागतं. तिथे धुकं, पाऊस, स्वेटर घातलेली माणसं. आणि वीस मिनिटांत खाली उतरलो तर लख्ख कोरडं ऊन. नोव्हेंबर होता आणि गुलमोहर फुलला होता! आपल्याकडे मे महिन्यात जो बघायची सवय, तो इथे नाताळच्या तोंडावर लालभडक. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मध्येच काळ्या दगडांचे घराएवढे ढिगारे. टॅक्सीवाल्याने सांगितलं, जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड आहेत, आणि त्या मजुरांत मुंबईच्या बंदरातून आलेलेही होते. त्यानंतर मी त्या ढिगाऱ्यांचे फोटो काढले नाहीत. का, ते नीट सांगता येणार नाही.

चुकीचं कास्कावेल

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडली. इथे बसमध्ये चढणारा माणूस आत बसलेल्यांना "बोंझूर" म्हणतो. कोणाला उद्देशून नाही, सगळ्यांना मिळून. मी मुंबईची, चढताना कोपर पुढे काढायची सवय, मीही पुटपुटले. चार जणांनी उत्तर दिलं.

कंडक्टरला कास्कावेल सांगितलं. त्याने मला एका भल्यामोठ्या मॉलसमोर उतरवलं, कारण त्या मॉलचं नावही तेच. हातात त्यांच्यासाठी नेलेल्या मालवणी खाजाची पिशवी घेऊन मी कारंज्यासमोर उभी! सुरक्षारक्षकाला "मारुती? हनुमान?" असं विचारत राहिले. शेवटी त्याने हात छातीशी जोडून दाखवले, मग रस्त्याकडे बोट केलं. भूक लागली होती, म्हणून वाटेत गाडीवरची ढोलपुरी घेतली. पातळ पोळी, आत शिजवून बारीक केलेली चण्याची डाळ, वर वालासारख्या दाण्यांची आमटी आणि हिरवी चटणी. दिसायला थेट पुरणपोळी, त्यामुळे पहिल्या घासाला जीभ गोडाची वाट बघते आणि मिरची लागते. दोन दोन देतात, कागदात गुंडाळून. उभ्याने चार खाल्ल्या. इतक्या घाबरलेल्या अवस्थेत माणसाला इतकी भूक लागू शकते हे मला माहीत नव्हतं.

मग उसाच्या कडेने अर्धा तास चालले.

सखारामांचं घर

गाव म्हणजे सिमेंटची बैठी घरं. वादळं येतात म्हणून खिडक्यांना लोखंडी झडपा. बऱ्याच अंगणांत कोपऱ्यात छोटं देऊळ आणि बांबूवर लाल निशाण. देवळामागच्या घराच्या ओसरीत एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ उभे होते. ते विष्णू सखाराम. त्यांनी मला आत या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. घरात गेले आणि एक प्लास्टिकचा ताव घेऊन आले. निकालाचं पहिलं पान होतं, लॅमिनेट केलेलं.

त्यांना मराठी समजतं, पण बोलतात ते हिंदी, त्यांच्या भोजपुरी वळणाची. "वकील बोला, जीत गए," ते म्हणाले. "फिर बोला, अब भूल जाओ. मैंने इसको प्लास्टिक करा दिया. और क्या करता?"

"मी त्याच्यासाठीच आलेय," मी म्हटलं.

"क्यों? उधर कोई पकड़ने तो नहीं आता."

घडी केलेलं सातवं पान मी पर्समधून काढून त्यांच्या हातात दिलं. माझं वाक्य दाखवलं. "हे मी लिहिलं होतं. न बघता."

ते ते पान बराच वेळ वाचत राहिले, जणू त्यांच्या घरात ते नव्हतंच. तेवढ्यात आतून वॉकरचा टक टक आवाज आला आणि बाई बाहेर आल्या. ठेंगण्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठ्यपुस्तकातल्यासारख्या स्वच्छ मराठीत विचारलं, "आपण सुनंदाताई का? आपला प्रवास सुखरूप झाला?"

विमानात मी माफीची चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. "बाई, माझी चूक झाली," एवढंच म्हटलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "उभ्याने बोलू नये."

पुढचा तास मी फक्त ऐकलं. सखाराम हे त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांचं नाव. जहाजावरून उतरताना लिहून घेणाऱ्याने तेच आडनाव करून टाकलं. बाई सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवत. घरात सगळे क्रेऑल, म्हणजे तिथली फ्रेंचमधून झालेली बोली बोलणारे, मराठी फक्त शाळेत आणि गणपतीत.

"आमच्या पुस्तकात 'झ'साठी झोपाळ्याचे चित्र होते," बाई म्हणाल्या. "तीस वर्षे मी ते फळ्यावर काढले. मुले विचारीत, बाई, तुमच्या घरी आहे का? मी म्हणे, निवृत्त झाल्यावर घेईन."

"बसायला मिळालं का हो तुम्हाला?"

"एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "चांगले होते ते."

विष्णुकाका तोपर्यंत आत गेले होते. येताना त्यांनी वॅनिला घातलेला चहा आणि एका ताटलीत तळलेले काप आणले. मी एक तोंडात टाकला आणि दचकले. नीरफणस! आमच्या गावी परसात असतो तोच, रवा न लावता तळलेला. "याला आम्ही नीरफणस म्हणतो," मी म्हटलं, तर बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि आतून वही मागवून लिहून घेतला.

म्हणून त्यांनी मला माफ केलं असं कोणी समजू नये. निघताना विष्णुकाका फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "रात को वो दरद से सोती नहीं. तुमने चार चिट्ठी का जवाब नहीं दिया. चार." चार बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली. फाटक लावून घेतलं.

ज्या कामाला खिडकी नव्हती

तिसऱ्या दिवशी विष्णुकाका मला त्यांच्या जिल्हा न्यायालयात घेऊन गेले. इमारत ठेंगणी, दगडी, पुढे मोठं झाड, आत पंखे. मुंबईतल्या कोर्टासारखी दाटी नाही. पण बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे तेच, हातातल्या प्लास्टिकच्या पिशव्याही त्याच. प्रत्येक नवा माणूस आल्यावर सगळे हळू आवाजात "बोंझूर" म्हणत होते.

कारकून बाई मध्यमवयीन होत्या. विष्णुकाकांनी क्रेऑलमध्ये सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइल काढली, मग परत माझ्याकडे पाहिलं.

"ही प्रतिवादी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो, मीच."

"तुम्हाला अपील करायचं आहे का? मुदत गेली."

"नाही. मला निकाल मान्य आहे. ते सांगायला आले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. निकाल चुकवणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे बरेच फॉर्म होते. बेलिफ पाठवायचा, जप्ती करायची, मुदतवाढ मागायची, सगळ्याची सोय होती. पण आपण होऊन परदेशातून आलेल्या माणसाने नक्की कुठे सही करायची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या आत जाऊन कोणाला तरी विचारून आल्या.

"आमच्या दृष्टीने प्रकरण संपलं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं त्यांच्या वकिलाकडे जा आणि आपसांत लिहून घ्या." मग फाइल मिटत, कामाबाहेरचं बोलल्यासारख्या: "परदेशी विक्रेता या दारातून आत आलेला मी पाहिला नव्हता."

परतताना आम्ही झाडाखाली बस येईपर्यंत उभे होतो. मी विचार करत होते. झोपाळा पाठवायला मला काय लागलं होतं? एक पत्ता, एक बटण, एक खोकं. त्या बेटावर मराठी बोलतात, ऊस आहे, गुलमोहर भलत्याच महिन्यात फुलतो, यातलं काही माहीत असण्याची गरज पडली नव्हती. माल जायची वाट इतकी गुळगुळीत करून ठेवलेली आहे. पण त्याच मालाने कोणाचं हाड मोडलं तर त्या माणसाच्या कागदाला प्रत्येक वेशीवर थांबवून विचारतात, तू कोण, कुठल्या यादीतला? दामले मॅडमनी मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आणि तसा नियम का आहे तेही कळत होतं; उद्या कुठल्याही देशातल्या कुठल्याही कोर्टाने काहीही लिहावं आणि विक्रोळीच्या घरावर जप्ती यावी, असंही चालणार नाही. मी तर त्या कोर्टाला कधी माझी बाजूही सांगितली नव्हती. पण मला ती सांगायला बोलावलं होतं, आणि ते बोलावणं मी साड्यांखाली ठेवलं होतं.

हे मी मोडक्या हिंदीत विष्णुकाकांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "बस आ गई."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या वकिलांनी दोन पानांचा करार केला. रक्कम मी टप्प्याटप्प्याने पाठवायची, आणि मुंबईत नवा दावा लागला नाही तरी ती पाठवायची. नाव परब असं नीट लिहून घेतलं. सही केली तेव्हा विष्णुकाकांनी पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला. मला वाटलं, झालं. आता एक दुपार समुद्रावर बसेन आणि घरी जाईन.

सव्वीस नावं

बाईंनी जेवायला थांबवून घेतलं. जेवण झाल्यावर ओसरीत लिची सोलत बसलो होतो. झाडाला जाळी बांधून वटवाघळांपासून राखलेल्या लिच्या. बाईंनी अगदी सहज विचारलं, "तसेच हुक आणखी कोणाकडे गेले?"

"त्या खेपेचे? तुमच्यासकट सत्तावीस झोपाळ्यांना गेले."

"म्हणजे सव्वीस घरे. त्यांना आपण कळवलेत ना?"

लिचीचा रस माझ्या मनगटावर ओघळला. "वकिलांनी सांगितलं, कळवू नका. कळवलं तर ती कबुली होते."

"ते त्यांनी आपल्याला सांगितले," बाई म्हणाल्या. "त्या सव्वीस घरांना कोणी काय सांगितले?"

आवाज चढवला नव्हता त्यांनी. वर्गात बाकावर उभं केल्यासारखं मात्र वाटलं. मी म्हटलं की साकीनाक्याचा मालक म्हणाला होता एखादाच पीस खराब असेल. म्हणता म्हणता मलाच ऐकू आलं की हे मी आजवर किती वेळा स्वतःला ऐकवलं आहे. दिनेशने फोटो पाहिल्या दिवशीच सांगितलं होतं की सगळी खेप ओतीव असणार. मी निकालाच्या मागे समुद्र ओलांडून आले होते, कारण निकालात माझं नाव होतं. ज्या सव्वीस जणांनी कोर्टात जायचं कारणच अजून घडलं नव्हतं, ते माझ्या मनात आलेच नव्हते. आले असतील, तर मी त्यांनाही साड्यांखाली ठेवलं होतं.

दिनेशला फोन लावला. तो कामावरून नुकताच आला होता. मी सांगितलं. सव्वीस माणसं, उद्या त्यांच्यातला कोणीही आमच्यावर दावा लावू शकतो, हे त्यालाही कळत होतं.

"लाव फोन," तो म्हणाला. "घडीव हुक मी करून देतंय. मुंबईतले रविवारी जाऊन बसवूया."

विष्णुकाकांनी शाळेची रेघांची वही आणली. फोनमधल्या जुन्या ऑर्डरींवरून मी नावं सांगत गेले आणि बाई लिहीत गेल्या, सुवाच्य देवनागरीत. प्रत्येक नाव झालं की शेजारी लाल पेनाने खूण करायची, असं त्यांनी ठरवलं. तिथे संध्याकाळचे पाच वाजले होते. मुंबई दीड तास पुढे, म्हणजे लोक घरी यायची वेळ.

पहिल्याने उचललाच नाही. घाटकोपरच्या एकांनी झोपाळा केव्हाच भंगारात दिला होता, कारण घर लहान पडलं. मुलुंडच्या एका गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्ता सांगताय? दोन वर्षं माझी आई बसतेय त्यावर! लाज वाटत नाही का हो तुम्हाला?" मी म्हटलं, वाटते. त्यांनी फोन आपटला. बाईंनी विचारलं, "त्यांना समजले का?" मी मान हलवली. लाल खूण झाली.

त्या दिवशी आणि परत आल्यावर मिळून तेवीस घरांपर्यंत आम्ही पोचलो. तीन अजून सापडलेली नाहीत. एकाचा पत्ता बदललाय, दोघांचे नंबर बंद आहेत, आणि त्यांच्यासाठी मी ऑनलाइन बाजाराला रोज लिहिते आहे. दामले मॅडम माझ्यावर चिडलेल्या आहेत. एकाची नोटीस आली आहे. दिनेश आणि मी दर रविवारी पिशवीत ड्रिल आणि हुक घेऊन कोणाच्या तरी घरी जातो. लोक चहा देतात किंवा देत नाहीत.

पण मला शेवटी सांगायचाय तो त्या संध्याकाळचा सातवा फोन. बोरिवलीचा. एका तरुण बाईने उचलला, आणि माझं नाव ऐकताच ती खूश झाली.

"अय्या, झोपाळावाल्या ताई ना तुम्ही? अहो, तुमचं दुकान दिसतच नाही हल्ली! माझ्या नणंदेला पण हवाय. झकास आहे एकदम. ऐका, आवाज येतोय?"

तिने फोन लांब धरला असावा. मला कड्यांची किरकिर ऐकू आली, पुढे, मागे, पुढे, आणि एका लहान मुलीचं हसू. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाईंनी वही मिटली. विष्णुकाका उठून उभे राहिले.

"ताई," मी म्हटलं, "आधी मुलीला खाली घ्या. आत्ता. मग मी सांगते."

"का? काय झालं?"

"आधी घ्या."

किरकिर चालूच राहिली. "आई, अजून थोडं ना गं," मुलगी म्हणाली. मग कड्या एकदाच जोरात खणखणल्या, आणि सगळं थांबलं. फरशीवर छोट्या पावलांचा आवाज धावत लांब गेला.

"घेतली खाली," बोरिवलीहून आवाज आला. तो आता वेगळा होता. "बोला."

मी बोलायला सुरुवात केली.